सुतकात फोडलेलं बिअरचं मडकं

दुसरी बायको घरात आली त्या दिवशी मी मागच्या पडवीत बसून साहेबाच्या बाटल्यांना बुचं ठोकत होते. पुढच्या दाराशी वाजंत्री थांबली, बायकांनी नवरीला नाव घ्यायचा आग्रह केला, आणि तिने माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातातली मोगरी जरा जोरात बसली. बाटली फुटली. त्या घरात माझ्या हातून फुटलेली ती पहिली बाटली.

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गेल्यावर लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला घरी येत, आणि मी काहीतरी काम काढून आत निघून जाई. लिहायला मी फार उशिरा शिकले, अक्षर अजून वाकडंच येतं. पण हे मी लिहिणार आहे, कारण बोलायला गेले की आवाज चढतो आणि मग कुणी ऐकत नाही.

ती कापसाची वर्षं होती. अमेरिकेत कुठे लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस अडकला, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातली काळी माती आठवली. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नव्हत्या. ज्वारीच्या वावरात लोकांनी पऱ्हाटी लावली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि आमच्या गल्लीतल्या तीन पुरुषांनी नवी बैलजोडी आणावी तशी दुसरी बायको आणली. माझ्या नवऱ्याने कारण मुलाचं सांगितलं. आठ वर्षांत माझी कूस उजवली नव्हती हे खरं. पण त्यातली पहिली सात वर्षं त्याला मूल आठवलं नव्हतं. डोक्याला जरीचं पागोटं आलं तेव्हा आठवलं.

तो कापूस घेणाऱ्या एका साहेबाच्या आवारात मुकादम होता. गाड्या उतरवून घ्यायच्या, गाठी बांधून घ्यायच्या, मजुरांवर ओरडायचं. ओरडणं त्याला चांगलं जमे. साहेबाला पाण्यापेक्षा बिअर जास्त लागे. ती मुंबईहून पेट्यांतून यायची, पुढे बैलगाडीने. घाटातल्या हिसक्यांनी निम्म्या बाटल्या फुटत आणि उरलेल्या उन्हात शिजून निघत. साहेबाचा खानसामा एक म्हातारा मुसलमान होता. त्याला सगळे चाचा म्हणत. एक दिवस तो आमच्या दाराशी येऊन बसला आणि मला म्हणाला, "बेटी, तू कलालाची लेक. मोहाची तुह्या घरी पिढ्यान्‌पिढ्या निघते. जवाची बीर काढता येईन का तुले?"

त्याने साहेबाकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. साहेबाच्या मुलुखात घरोघरी बायकाच ती करतात. जव भिजवायचे, ओल्या गोणपाटाखाली मोड आणायचे, बाजेवर वाळवायचे, खापरावर तपकिरी रंग येईपर्यंत भाजायचे आणि जात्यावर भरडायचे. भरड कढत पाण्यात घालायची, गोडवा उतरला की फडक्यातून गाळायची आणि ते पाणी पुन्हा उकळायचं. उकळताना तिकडे कसलीशी कडू फुलं घालतात. ती इथे कुठे मिळणार म्हणून चाचांनी हात वर केले. मी काडेचिराईत घातलं, तापात आपण देतो तेच. साहेबाला फरक कळला नाही, किंवा कळून आवडला.

पण खरी गोष्ट मडक्याच्या बुडाशी होती. पहिल्या खेपेला मी निवलेल्या पाण्यात शिंदीचा फेस टाकला, आणि बिअर आंबट झाली. ती काढली तरी बुडाशी बसलेला गाळ मी फेकला नाही, त्याच्यावरच पुढचं पाणी ओतलं. असं करत करत पाचव्या-सहाव्या खेपेला आंबटपणा गेला आणि साहेबाने बाटली संपवून दुसरी मागितली. तेव्हापासून त्या मडक्याला मी आतून हात लावला नाही. राखेने घासणं तर सोडाच, पाण्यानेही विसळत नसे. आमच्या आज्याच्या भट्टीवरही तसंच चाले. गाळ जिवंत तर दारू जिवंत.

बाटल्या साहेबाच्याच रिकाम्या असत, जाड, काळपट हिरव्या काचेच्या. त्यांत बारीक वाळू आणि पाणी घालून खळखळून धुवायच्या आणि उन्हात पालथ्या घालायच्या. प्रत्येकीत हरभऱ्याएवढा गूळ, मग बिअर, मग उकळून मऊ केलेलं बूच आणि वरून सुतळीची गाठ. मडक्यातलं फसफसणं शमण्याआधी भरली किंवा हाताने गूळ जास्त सुटला की बाटली फुटते. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. मग पडवीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत आठ-दहा दिवस आडव्या ठेवायच्या. हे सगळं थंडीतच होई. होळीनंतर आमच्याकडच्या उन्हात काही टिकत नाही.

नवऱ्याने पहिल्या दिवसापासून साहेबाला सांगितलं की बिअर त्याच्या हातची आहे. बायकोच्या हातची म्हणायला त्याला लाज वाटली, की बायको लक्षातच आली नाही, देव जाणे. चाचांना खरं ठाऊक होतं, पण साहेबाने त्यांना विचारलं नव्हतं. एकदा साहेबाने पाहुण्यांसमोर नवऱ्याचा हात हातात घेऊन हलवला. घरी जेवताना तो तोच हात माझ्यापुढे नाचवत होता. चिराइताचा कडवटपणा माझ्या बोटांत इतका मुरला होता की मी थापलेली भाकरही कडू लागे, आणि कौतुक याच्या हाताचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी वरण वाढलं.

मग अकोल्याची गोष्ट निघाली. तिथे आगगाडी येणार होती, साहेब नवं आवार बांधत होता, आणि तिथलं मुकादमपण नवऱ्याला मिळणार होतं. आवाराला लागून विटांचं पक्कं घर, अंगणात आपली विहीर. आठ वर्षं मी लोकांच्या विहिरीवरून पाणी आणलं होतं. मी मनातल्या मनात त्या घरात चूल कुठे घालायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

दुसरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. नवरा ओसरीवर पान लावत म्हणाला, "अकोल्याले हिलेच नेतो. तू हिले बीर शिकव. शिकली का तू भातकुलीले जाय. तितं तुहं माहेर हाय, तुले काय कमी पडते?"

पान लावायचं त्याने थांबवलंही नाही. त्या क्षणी मी ठरवलं की अकोल्याच्या घरात मी जाईन, आणि हा माणूस मला न्यायला हात जोडून येईल. कसं ते ठाऊक नव्हतं.

मी तिला शिकवायला घेतलं. सतरा-अठरा वर्षांची होती, अकोल्याकडच्या एका खेड्यातली, आमच्यासारखीच कलालाची पण शेतकऱ्याच्या राहणीत वाढलेली मुलगी. तिच्या बापाने भट्टी कधीच सोडली होती आणि कापूस लावला होता. हात चलाख, स्वभाव गरीब. मला "बाई" म्हणायची, माझ्याआधी उठून माझं आंघोळीचं पाणी तापवायची. एकदा माझे पाय चेपायला बसली. मी पाय ओढून घेतले. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं, आणि तिचा तोच चांगुलपणा मला सहन होत नव्हता.

शिकवताना मी काही लपवलं नाही, लपवता आलंच नसतं. नवरा रोज संध्याकाळी तिच्याकडून पाठ म्हणवून घेई. मोड किती, भाजणं किती, गूळ किती. "अन् गाळ?" तो विचारी. "गाळ काढाचा नाई, मडकं धुवाचं नाई," ती म्हणे. तो मिशीवर हात फिरवी. तिने एकटीने केलेली पहिली खेप माझ्यासारखीच उतरली तेव्हा मला जेवण गेलं नाही.

आणि मग चांदूर बाजारहून निरोप आला की नवऱ्याचा एक भाऊबंद वारला. लांबचा होता, मी त्याला एकदाच पाहिला होता, पण घराण्यातला. म्हणजे दहा दिवसांचं सुतक.

सुतक फिटताना आमच्याकडे घर सारवतात, कपडे धुतात, आणि मातीची सगळी भांडी उकिरड्यावर नेऊन फोडतात. तांब्या-पितळेचं घासून चालतं, मातीचं चालत नाही. आदल्या वर्षीही असं सुतक आलं होतं. तेव्हा मी मडकं फोडलं होतं, पण आधी त्यातला गाळ साहेबाच्या एका बाटलीत काढून ठेवला होता, आणि दहाव्यानंतर कुंभाराकडून नवं मडकं आणून त्यात ओतला होता. काचेला सुतक लागत नाही असं माझं मीच ठरवलं होतं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लागतं म्हणाले असते. ही एकच गोष्ट मी तिला शिकवली नव्हती. मुद्दाम लपवली असं नाही, शिकवताना घरात कुणी मेलेलं नव्हतं एवढंच.

निरोप आला त्याच दिवशी नवरा आवारात गेल्यावर मी अर्धा गाळ बाटलीत काढला, बूच सैल लावलं आणि बाटली माझ्या लुगड्यांच्या गाठोड्यात खोचली. अर्धा मडक्यात राहू दिला, कुणी आत डोकावलं तर दिसावा म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी नवरा घाटावर गेला होता. ती पदर खोचून एकेक मडकं अंगणात आणून ठेवत होती. पाण्याचा माठ, दह्याचं गाडगं, भाजायचं खापर. मी भिंतीला टेकून बसले होते. सगळं झाल्यावर ती पडवीत गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "बाई, बीरचं मडकं बी टाकाचं का?"

तिने विचारलं, हे मी पुन्हा लिहिते. तिला गाळाचं महत्त्व ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलं.

मी म्हटलं, "सुतकातलं मडकं घरात ठेवतेत का व? तुह्या माहेरी ठेवतेत?"

ती ओशाळली. माहेर काढलं की कुठलीही सून ओशाळते, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. "नाई बाई," ती म्हणाली, आणि मडकं कडेवर घेऊन मागच्या दाराने गेली. उकिरड्यावर ते फुटल्याचा आवाज मला ओसरीपर्यंत ऐकू आला. मला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू?

दोन दिवसांनी मी नवऱ्याला म्हटलं, "ते शिकली. मी जातो भातकुलीले." रडारड न करता मी निघाले याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतः गाठोडं गाडीत ठेवलं. काच लुगड्यांत होती, वाजली नाही.

भातकुलीला मी बापाच्या घरी मागच्या खोलीत एक छोटं मडकं मांडलं आणि गाळाला जवाचं पाणी घालत राहिले. बाप विचारी, "कोणासाठी करून राहिली हे?" मी म्हणे, "येईन कोणी."

महिनाभराने चाचा आले. स्वतःच दमणी जुंपून आले होते, आणि बैल सोडायच्या आधीच बोलायला लागले. "बेटी, काय सांगू तुले! नवी बाटली खोलली, साहेबाने गिलासात ओतली, त लाळेसारखी तार सुटली. अकोल्याचे मेहमान बसले होते. एकाने चाखली अन् रुमाल तोंडाले लावला. साहेब बोलला, मुकादम, ये क्या है? तुहा मरद म्हणते, हुजूर, औरत ने बनाया. साहेब बोलला, और पहलेवाली? तुहा मरद पागोटं सारखं कराले लागला. मी होतो बाजूले उभा. मी म्हटलं, वो भी औरत ने बनाई थी हुजूर, पर पहली औरत ने."

मी त्यांना पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. तार किती लांब सुटली, नवऱ्याचं तोंड कसं झालं, पाहुणे हसले का. चाचांनी हौसेने सांगितलं. त्यांच्या मनातही त्याच्याबद्दल बरंच साचलेलं असावं. नवीने गाळ नाही म्हणून शिंदीचा फेस घातला होता, तेवढंच तिला सुचलं. साहेब आधी हसला होता, मग म्हणाला होता की आधीची बाई आली नाही तर अकोल्याला दुसरा मुकादम जाईल.

नवरा तिसऱ्या दिवशी हजर झाला. जरीचं पागोटं नव्हतं, साधा रुमाल बांधला होता. "चाल," तो म्हणाला, "अकोल्याचं घर तयार हाय."

"येतो," मी म्हटलं. "पण आंधी पारावर चाला. तितं चार माणसांत सांगा, का बीर कोणाच्या हातची होती."

"काहून? गावाले काय करा लागते त्याचं?"

"मले करा लागते."

तो माझ्या बापाकडे पाहू लागला. बाप आढ्याकडे पाहू लागला. शेवटी भर दुपारी आम्ही पारावर गेलो, आणि मजुरांवर ओरडणारा माझा नवरा खाली मान घालून पुटपुटला, "बीर माही नाई. हिच्याच हातची होती." पारावरच्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावून विचारलं, "बीर म्हंजे काय, बावा?" मग त्याला जव, मोड, चिराईत सगळं समजावून सांगावं लागलं, आणि प्रत्येक ठिकाणी "हे हीच करते" असं म्हणावं लागलं, कारण मी समोर उभी होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

परतताना मी विचारलं, "अन् ते?"

"तिले धाडली तिच्या बापाकडे. मडकं फोडलं सटवीनं, कोणाले इचारलं नाई. चांगली झोडपली मी."

मी काहीतरी बोलणार होते. मग दमणीत बसले आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

अकोल्याचं घर मी ठरवलं होतं तसंच होतं. चूल मी हवी तिथे घातली. विहिरीचं पाणी गोड होतं, बिअरला चांगलं. साहेबाकडून चाचा थेट माझ्याकडे येत, नवऱ्याला मध्ये घालत नसत, आणि नवरा हलक्या आवाजात बोलायला शिकला. गाळ मी कुठे ठेवते ते त्याला कधी कळू दिलं नाही. तो विचारी, आणि मी चुलीत फुंकर घाली.

चैत्रात एका सकाळी तिचा बाप तिला घेऊन दारात आला. उन्हाने दोघांचे चेहरे काळवंडले होते. तिच्या डाव्या भुवईशी नवा वण होता, अजून गुलाबी. बाप आत आला नाही. हात जोडून नवऱ्याला म्हणाला, "जावईबापू, पोरीचं एक डाव आयका. मंग तुमी म्हणसान तसं."

ती म्हणाली, "मी इचारूनच टाकलं होतं मडकं. बाईले इचारा."

नवरा माझ्याकडे वळला. "इचारलं होतं का हिनं तुले?"

मी हो म्हटलं असतं तर त्याने मला काय केलं असतं? काही नाही. साहेबाला बिअर माझ्या हातची हवी होती, आणि मला हात लावायची त्याची छाती नव्हती. हे मला तिथे उभं असताना स्वच्छ ठाऊक होतं. फक्त ते घर पुन्हा दोघींचं झालं असतं.

"नाई," मी म्हटलं. "मले कोणी इचारलं नाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडेल, ओरडेल, मला खोटारडी म्हणेल, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने पदर सारखा केला आणि बापाला म्हणाली, "चाला बाबा. बाईचं बरोबर असन. मीच भुलली असन."

दोघं आवाराच्या फाटकाकडे गेली, बाप पुढे आणि ती मागे. फाटकापर्यंत सावली नव्हती. सूड मला ज्याच्यावर उगवायचा होता तो माझ्या शेजारी दाराच्या सावलीत उभा होता. त्याने जांभई दिली, आत जाऊन पाटावर बसला आणि वाढ म्हणाला. मी वाढलं.